रक्तातली गर्दी

अडोबीने १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश चालू देणं बंद केलं आणि नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचं हृदय थांबलं. म्हणजे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत जागून फ्लॅश ॲनिमेशनमध्ये बनवलेलं, झडपांची उघडझाप करणारं हृदय.

सगळं एचटीएमएल५मध्ये नव्याने करायला घेतल्यावर हृदय लवकरच धडधडू लागलं. घोडं अडलं ते रक्तवाहिनीपाशी. जुन्या ॲनिमेशनमध्ये ऐसपैस नळीतून दहा-बारा लाल चकत्या निवांत तरंगत जायच्या, आणि मुलंही वहीत तसंच रक्त काढायची. प्रत्यक्षात रक्ताच्या आकारमानातला साधारण ४० ते ४५ टक्के भाग तांबड्या पेशींचाच. एका घन मिलिमीटरमध्ये त्या चाळीस-पन्नास लाख. कित्येक केशवाहिन्या तर इतक्या अरुंद, की सात-आठ मायक्रॉनच्या पेशीला अंग दुमडून, एकामागे एक सरकावं लागतं. हे खरं खरं दाखवलं तर पडदा नुसता लालभडक होतो, दिसत काहीच नाही. पेशी कमी केल्या की पुन्हा तेच ऐसपैस खोटं.

त्यांनी पेशी अर्धपारदर्शक करून पाहिल्या, तर त्या जेलीसारख्या दिसल्या. मग एकच पेशी गडद ठेवून बाकीच्या फिकट केल्या. एका मुलीने विचारलं, "बाई, ती आजारी आहे का?"

हे दुखणं मोठमोठ्यांनाही आहे. हार्वर्डसाठी एक्सविवो या कंपनीने २००६ मध्ये बनवलेली 'द इनर लाइफ ऑफ द सेल' ही ॲनिमेशन फिल्म जगभर गाजली. तिच्यात कायनेसिन हे प्रथिन भलामोठा गोळा ओढत ऐटीत पावलं टाकतं. खऱ्या पेशीत ते भोवतालच्या रेणूंचे धक्के खात, डगमगत, कधी मागे सरकत जातं. म्हणजे गर्दी त्या फिल्ममध्येही हटवलेली होती. डेव्हिड गुडसेल मात्र जलरंगात पेशी रंगवताना मुंगीलाही शिरायला जागा ठेवत नाहीत. "त्यांना चित्र हलवावं लागत नाही ना!" बाई जरा असूयेनेच म्हणतात.

शिकवणीच्या ॲपांचं नाव काढलं की त्या उखडतात. सतत ढँण-ढँण संगीत आणि वर निळंशार अशुद्ध रक्त, जे खरं तर गडद लालच असतं!

जुन्या हृदयाला वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांची चटक लागली होती, हेही त्या हसत सांगतात. गर्दीच्या रक्ताला टाळी पडत नाही.

आता त्यांनी पेशी कमी-जास्त करायची सरकपट्टी मुलांच्याच हाती दिली आहे. पाच टक्क्यांवर वाहिनी स्वच्छ दिसते, पुढे ती लाल होत जाते आणि तिशीच्या आसपास शाळेचा संगणक हँग होतो. पेशी वाकवून दाखवायचं काम अजून बाकीच आहे.