पिवळा डाग आणि काचेची बरणी

सांगलीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात पिवळा पडलेला एक तरी प्लॅस्टिकचा डबा सापडतोच. आमटी त्यात एखादी रात्र राहिली की डबा कायमचा रंगला. घासणी, साबण, लिंबू, सोडा, सगळं करून झालं तरी पिवळेपणा हटत नाही. शेजारचा स्टीलचा डबा मात्र एका हातासरशी लख्ख होतो. डाग वरवरचा असता तर घासून गेला असता. हळदीचा रंग म्हणजे करक्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. डब्याचं प्लॅस्टिकही तेलाशी जुळणाऱ्या स्वभावाचं, त्यामुळे फोडणीच्या तेलाबरोबर करक्युमिन डब्याच्या भिंतीत शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. असा डबा काही दिवस कडक उन्हात ठेवला तर डाग फिका होतो, कारण उजेडात करक्युमिन मोडतं. घासून मात्र काही होत नाही.

या डागाला घरोघरी नावं ठेवली जातात. पण दिवाळीच्या सुमारास जो सुगंधी मण्यांचा उद्योग आता बऱ्याच घरांतून चालतो, तो उभा आहे याच डागाच्या रसायनावर. साबुदाण्याएवढे पांढुरके दाणे आणायचे, त्यांवर मोगरा, चंदन किंवा केवड्याचं सुगंधी तेल घालायचं, मुरू द्यायचं आणि मलमलीच्या पोटलीत बांधून कपाटात, गाडीत, देवघरात ठेवायचं. हे दाणे ‘ईव्हीए’ नावाच्या मऊ प्लॅस्टिकचे असतात. बुटांचे हलके तळवे, ग्लू गनच्या कांड्या, सौर पॅनेलच्या काचेखालचा पातळ थर हे सगळं त्याच कुळातलं. या प्लॅस्टिकच्या साखळ्या सैल विणीच्या असतात. सुगंधी तेलाचे रेणू हळूहळू त्या विणीत शिरतात आणि पुढे कित्येक आठवडे तितक्याच सावकाश बाहेर येतात. म्हणजे डब्यात जो दोष ठरतो, तोच मण्यात गुण ठरतो.

पॉलिमरचं रसायन शिकवणाऱ्या माणसाला गावात हमखास विचारला जाणारा प्रश्न मण्यांचा नसतो, भांड्याचा असतो: ‘मुरवायचं कशात?’ प्रश्न अगदी नेमका आहे. मणी तेल पितात ते प्लॅस्टिक आहेत म्हणून. मग भांडंही प्लॅस्टिकचंच घेतलं तर तेही पिणार. दोघांनी वाटून घेतलेला सुगंध मण्याच्या वाट्याला कमीच येतो.

सुगंधी तेल आणि प्लॅस्टिक यांचा हा व्यवहार घरच्या घरी पाहता येतो. फुगलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळावी. सालीतून उडालेला बारीक फवारा लागताच फुगा फुटतो. त्या फवाऱ्यात लिमोनिन असतं आणि ते रबर विरघळवतं. थर्माकोललाही ते खातं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. बेकरीतल्या पारदर्शक, कडक, दाबल्यावर कट्‌कन फुटणाऱ्या डब्या बऱ्याचदा त्याच पॉलिस्टायरिनच्या असतात, तळाच्या त्रिकोणात ६ आकडा असतो. लिंबू-संत्र्याचं किंवा लवंगेचं तेल घातलेले मणी अशा डबीत ठेवले की चार दिवसांत डबी चिकट होते, धुरकट दिसते, तिला भेगा पडतात. मणी आणि डबी एकमेकांना चिकटून बसलेली मी पाहिली आहेत.

त्रिकोणात २ किंवा ५ असलेलं प्लॅस्टिक असं विरघळत नाही, पण ते गळतं. भोक नसताना गळतं. सुगंधाचे रेणू भिंतीतून पाझरत बाहेर येतात. असं भांडं कपाटात ठेवलं तर आठवड्याभरात सगळ्या कपड्यांना वास येतो आणि तेलाच्या बाटलीच्या कडा आत ओढल्या गेलेल्या दिसतात. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, त्रिकोणात १ असलेलं, त्यांच्यापेक्षा बरंच टिकाऊ. तयार मणी दोन-चार दिवस कुणाला नेऊन द्यायचे असतील तर ते चालतं. मुरवायला नको.

धातूचं काय? तांब्या-पितळेच्या भांड्यात चिंच किंवा ताक कळकतं हे आजीला ठाऊक होतं, म्हणून दारावर कल्हईवाला यायचा. सुगंधी तेलाचंही तांब्याशी जमत नाही. तांब्यामुळे हवेतला प्राणवायू तेलावर लवकर काम करतो आणि सुवासाला खवट झाक येते. स्टीलचा डबा निर्धोक आहे, पण त्याचं झाकण नुसतं वर टेकलेलं असतं, त्यातून वास निघून जातो. शिवाय आत काय चाललंय ते दिसत नाही.

उरते काच. काच काही पीत नाही, पाझरत नाही आणि आतलं दाखवते. हॉर्लिक्सच्या जुन्या काचेच्या बाटल्या ज्यांनी माळ्यावर जपून ठेवल्या आहेत, त्यांनी त्या खुशाल उतरवाव्यात. चिनी मातीची बरणीही रसायनाच्या दृष्टीने तितकीच चांगली, कारण तिच्यावरचा चकचकीत लेप काचेचाच असतो. पण तिच्या तोंडाला दादरा बांधायची आपली रीत लोणच्यासाठी आहे. कापड हवा जाऊ देतं, म्हणजे सुगंधही जाऊ देतं.

काय कोंडायचं आणि काय सोडायचं, हे ठरल्याशिवाय भांडं ठरत नाही. कनौजचे अत्तरवाले ताजं अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवत आले आहेत. ऊर्ध्वपातनात अत्तराबरोबर थोडं पाणी राहतंच. चामड्यातून ते पाणी हळूहळू उडून जातं आणि चंदनाच्या तेलात बसलेला सुवास मागे राहतो. तिथे झिरपणारं भांडंच हवं असतं. आणि याच्या अगदी उलट उदाहरण सांगलीच्या वेशीवर आहे.

हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. इथल्या जमिनीत हळदीची पेवं आहेत. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, माणूस शिडीने उतरेल इतकं खोल. ना विटा, ना सिमेंट. वाईपासून कऱ्हाड, वाळव्यापर्यंत कृष्णाकाठी पिकलेली हळद आधी शिजते, पूर्वी काहिलीत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळते, ड्रममध्ये घासली जाते आणि तिचं खणखणीत वाजणारं हळकुंड होतं. पेवाच्या तळाला आणि कडेला पाला, चटया लावून त्यात हळकुंडं ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. आतली हवा तेवढीच. तिच्यातला प्राणवायू सरला की किडे जगत नाहीत, बुरशी वाढत नाही. उजेड नाही म्हणून रंग टिकतो, आणि ऋतू पालटला तरी खाली फारसं ऊन-थंड होत नाही म्हणून वासही टिकतो. हळद वर्षानुवर्षं तशीच राहते. आतली हवा इतकी बिनप्राणाची होते की पेव उघडल्यावर लगेच कुणी खाली उतरत नाही. तोंड उघडं टाकून थांबावं लागतं.

साधन-सामग्री काहीही नसताना इतकं अचूक भांडं शोधणाऱ्या या गावाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या लौकिकात या पेवांचा वाटा मोठा आहे. पण मातीच्या भांड्याचं एक दुखणं आहे: ते वरून येणारी हवा अडवतं, नदीचं पाणी अडवू शकत नाही. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, पेवं ढासळली. २०१९ मध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. जी थोडी पेवं उरली आहेत, त्यांची मापं, मातीचे थर, आतली हवा यांची नीट नोंद आत्ताच व्हायला हवी. ती बुजली की हे ज्ञान पुन्हा मिळणार नाही.

मण्यांसाठी पेवाचाच नियम लागू होतो: सगळंच कोंडायचं आहे. मात्र एका बाबतीत फरक आहे. पेव हळदीने गच्च भरतात, बरणी गच्च भरायची नाही. मणी हलायला हवेत, नाहीतर खालचे तेलात डुंबतात आणि वरचे कोरडे राहतात. शंभर ग्रॅम मण्यांना वीस ते पंचवीस ग्रॅम तेल पुरतं. वजनकाट्यावरच मोजावं, चमच्याने नको, कारण चंदनी तेल जड असतं आणि संत्र्याचं हलकं. तेवढ्या मण्यांना तीनशे मिलिलिटरची बरणी बरोबर होते. वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहतो. दिवसातून एकदा-दोनदा बरणी आडवी धरून घोळवावी. पहिल्या दिवशी मणी ओले, गोळा होऊन काचेला चिकटलेले दिसतात. मुरत आले की सुटे होतात आणि बरणी तिरकी केली की खडखडत घरंगळतात. काही तेलं दोन दिवसांत मुरतात, काहींना दोन आठवडे लागतात. त्यानंतरही तळाशी तेल राहिलं तर ते मण्यांना जास्त झालेलं आहे. मणी वर्तमानपत्रावर पसरून टिपून घ्यावेत. उरलेलं तेल भुश्शात किंवा कागदात जिरवून कचऱ्यात द्यावं, मोरीत ओतू नये.

हवामानाचा फरक मोठा पडतो. महाबळेश्वरच्या डिसेंबरात जे मुरायला आठवडे घेईल, तेच जतच्या एप्रिलात दोन-तीन दिवसांत होतं. थंडीत घाई असेल तर बरणी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास उभी करावी. गॅसवर, ओव्हनमध्ये कधीही नाही: हे मणी साधारण ७० ते ९० अंशांना वितळतात आणि सुगंधी तेलाची वाफ पेट घेऊ शकते. तयार मणीही थेट गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पॉलिश केलेल्या लाकडावर ठेवू नयेत. पिवळ्या डब्याची गोष्ट तिथेही घडते, फक्त डागाऐवजी पॉलिश उठतं. आणि बरणी स्वयंपाकघरात तर मुळीच नको. साबुदाण्यासारखे दिसणारे, मिठाईसारखा वास येणारे हे दाणे लहान मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

खरी मेख झाकणात आहे. काचेची बरणी गरम पाणी-साबणाने नवी होते, पण पत्र्याच्या झाकणाच्या आत मऊ प्लॅस्टिकची जी गोल चकती असते, ती वास पिऊन बसलेली असते. लोणच्याच्या बरणीत केलेल्या मोगऱ्याला हिंगाचा वास येतो तो तिच्यामुळे. म्हणून बरणी जुनी चालेल, झाकण नवं घ्यावं. एका सुवासाला एक झाकण ठेवावं आणि त्यावर पेनने नाव लिहावं: मोगरा, केवडा, खस.