एचडी-फाइव्हची रात्र

शनिवारी रात्री एका क्लायंटच्या एआयएक्स सर्व्हरवर नवी टेक्नॉलॉजी लेव्हल चढवली, रीबूट दिला आणि एचएमसीच्या पडद्यावर एक कोड येऊन बसला तो हलेचना. "सर, इन्स्टॉल तर सक्सेस दाखवतंय," शिफ्टमधला नवा मुलगा म्हणाला. लॉग उघडला. सक्सेसच्या लांबलचक यादीनंतर बॉसबूटची एक ओळ होती: टेम्पमध्ये जागा नाही. क्लायंटच्या रनबुकात ती ओळ बघायची पायरीच नव्हती. पॅकेजं चढली की थेट रीबूट.

बॉसबूट कर्नल आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर एकत्र करून एचडी-फाइव्ह नावाच्या चिमुकल्या लॉजिकल व्हॉल्यूमवर लिहितं. फर्मवेअर तेवढंच उचलतं. आता बाकीची सिस्टीम नवी आणि एचडी-फाइव्ह जुनं, दोघांची पत्रिका जुळेना.

उपाय एका ओळीचा. बॉसबूट ही कमांड पुन्हा चालवायची. पण मशिनच उठत नाही, तर चालवायची कुठून? नेटवर्कवरून बूट करून देणाऱ्या निम सर्व्हरवरून मेंटेनन्स मोडमध्ये शिरायचं, तर निमवरचा स्पॉट, म्हणजे त्या बूटसाठी लागणाऱ्या फायलींचा संच, जुन्या लेव्हलचा. तो रूटव्हीजीपेक्षा, म्हणजे मशिनची सिस्टीम ज्या व्हॉल्यूम ग्रुपवर आहे त्यापेक्षा, मागे असून चालत नाही. तोच अपडेट करण्यात निम्मी रात्र गेली, आणि कॉन्फरन्स ब्रिजवर कुणी ना कुणी 'ईटीए काय?' विचारतच होतं. (क्लायंटने एक जादा डिस्क दिली असती तर ऑल्ट डिस्कवर जुन्या सिस्टीमची प्रत काढून ठेवली असती. ती खर्चात बसली नव्हती.)

मेंटेनन्सचा मेनू व्हॉल्यूम ग्रुपचं नाव सांगत नाही, नुसता आकड्या-अक्षरांचा लांब आयडी दाखवतो. एकेक निवडायचा, आत एचडी-फोर, एचडी-फाइव्ह दिसले की समजायचं, हाच रूटव्हीजी.

शेल मिळाला. टेम्प शंभर टक्के भरलेला, डेटाबेसच्या इन्स्टॉलरच्या झिप फायलींनी. दुसऱ्याच्या फायलींना हात लावायची ती वेळ नव्हती. टेम्पच एक जीबीने वाढवला आणि बॉसबूट दिलं. बूट इमेज 512 बाइटच्या किती ब्लॉकची झाली, ती ओळ या वेळी आम्ही दोघांनी वाचली. रूटव्हीजी मिरर केलेला, म्हणून दुसऱ्या डिस्कवरही तेच. बूटलिस्टमध्ये दोन्ही डिस्क घातल्या, सिंक, रीबूट. लॉगिन आलं.

सकाळी डीबीएला त्या झिप काढायला सांगितल्या. म्हणाला, "तिकीट टाका."