लांब पायांच्या माश्या आणि नावांची खतावणी

उत्तर युरोपातील एखाद्या तळ्याच्या काठी, जूनच्या उन्हात, ओल्या चिखलावर किंवा पाणवनस्पतीच्या पानावर पाच-सहा मिलिमीटर लांबीची, धातूसारख्या हिरव्या झळाळीची एक माशी उभी असते. ती बसली आहे असे म्हणवत नाही. पाय ताणून, छाती उचलून ती अशी थांबलेली असते, की पुढच्याच क्षणी कोणावर तरी झडप घालील. ती शिकारी आहे. मऊ अंगाचे बारीक कीटक हे तिचे अन्न आणि तिच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात. घरातल्या माशीशी तिचे नाते फार दूरचे. ग्रीक भाषेत ‘डोलिकोस’ म्हणजे लांब आणि ‘पूस’ म्हणजे पाय. त्यावरून या माशीला शास्त्राने ‘डोलिकोपस’ असे नाव दिले.

डोलिकोपस हे एका माशीचे नाव नव्हे, ते आडनाव आहे. जीवशास्त्रात परस्परांशी जवळचे साम्य असलेल्या जातींच्या गटास प्रजाती म्हणतात आणि अशा अनेक प्रजाती मिळून एक कुल होते. लांब पायांच्या माश्यांच्या कुलात आजवर सात हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. जगातील सर्व सस्तन प्राण्यांच्या जाती एकत्र केल्या तरी त्या याहून कमी भरतात. एकट्या डोलिकोपस प्रजातीत सहाशेहून अधिक जाती आहेत. त्यांचा मुख्य विस्तार युरोप, सायबेरिया आणि उत्तर अमेरिका या थंड प्रदेशांत आहे; उष्ण कटिबंधात त्या थोड्याच. महाराष्ट्रात पावसाळ्यात बागेतल्या पानांवर जी हिरवी-सोनेरी, लांब पायांची चिमुकली माशी तुरुतुरु फिरताना दिसते, ती याच कुलातली, परंतु सहसा दुसऱ्या प्रजातीची. चुलत घराणे म्हणावे इतकेच.

या प्रजातीला नाव देणारा माणूस मृत्यूच्या दारातून परत आला होता. प्येर आंद्रे लात्रेय हा फ्रान्समधील धर्मगुरू. राज्यक्रांतीच्या काळात नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ न घेतल्यामुळे त्याला बॉर्दो येथे बंदिवासात टाकण्यात आले. तेथे तपासणीस आलेल्या वैद्याला तो कोठडीतील एका लहानशा भुंगेऱ्याचे निरीक्षण करण्यात गढलेला दिसला. तो भुंगेरा बाहेर बोरी द सँ-व्हँसाँ नावाच्या तरुण निसर्गअभ्यासकाच्या हाती पोचला. त्याला लात्रेयच्या कामाची माहिती होती आणि त्याच्या खटपटीने लात्रेयची सुटका झाली. पुढे १७९६ मध्ये लात्रेयने कीटकांच्या प्रजातींची लक्षणे सांगणारे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. डोलिकोपस हे नाव त्यातले. गंमत अशी, की त्या पुस्तकात प्रजातींची लक्षणे होती, पण त्यांत कोणत्या जाती मोडतात ते दिलेले नव्हते. खातेवहीत खात्याचे शीर्षक घातले, खालची पाने कोरी ठेवली, असा तो प्रकार होता.

पाने भरणारे पुढे येत गेले आणि त्यांतील बहुतेकांचा पोटाचा धंदा निराळाच होता. जर्मनीतील योहान विल्हेल्म मायगेन हा आयुष्यभर ओढाताणीत जगलेला शिक्षक. शिकवण्या करून आणि चित्रे काढून तो गुजराण करी आणि उरलेल्या वेळात माश्यांच्या पंखांतील शिरांचा अभ्यास करी. त्याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात डोलिकोपसच्या कितीतरी जाती प्रथमच वर्णिल्या आहेत. त्यानंतरचा हेर्मान लोव हा शाळेचा मुख्याध्यापक होता आणि १८४८ च्या फ्रँकफुर्टच्या संसदेचा सदस्यही. त्याला अमेरिकेतून माश्या पाठवणारा ओस्टेन-साकेन हा रशियाचा राजनैतिक अधिकारी, पुढे न्यूयॉर्कमधील रशियाचा महावाणिज्यदूत. कचेरीचे काम सांभाळून हा गृहस्थ माश्या गोळा करी आणि समुद्रापार एका जर्मन शिक्षकाकडे पाठवी. लोवने त्यांची वर्णने लिहिली आणि १८६४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने उत्तर अमेरिकेतील लांब पायांच्या माश्यांवरचा त्याचा ग्रंथ छापला. फ्रान्समधील माश्यांवर १९३८ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिणारे ओक्ताव्ह पारां हेही धर्मगुरूच. अगदी अलीकडचे हॅरल्ड रॉबिन्सन तर सूर्यफुलाच्या कुलावरचे जगन्मान्य वनस्पतितज्ज्ञ, आणि जोडीने या माश्यांचेही अभ्यासक. नोकरीच्या वेळेबाहेर माणसे काय काय उभे करतात, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

आता मूळ प्रश्न. सहाशे जाती एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या कशा? उघड्या डोळ्यांना तर सगळ्याच हिरव्या. प्रथम मागच्या पायाच्या पावलाचा पहिला सांधा पाहतात. त्याच्या वरच्या बाजूस ठळक राठ केस असले तर माशी डोलिकोपस, नसले तर बहुधा शेजारच्या प्रजातीची. मग मांड्या काळ्या की पिवळ्या. डोळ्याच्या मागच्या कडेचे खालचे केस काळे की फिके. १९२१ मध्ये व्हॅन ड्यूझी, कोल आणि ऑल्ड्रिच या तिघांनी उत्तर अमेरिकेतील डोलिकोपसवर जो ग्रंथ लिहिला, त्यातील वर्गवारीत याच खुणांना मोठे स्थान आहे. पण खरी ओळख पटते ती नरावरून. निसर्गाने नराला नटवले आहे. कोणाच्या मधल्या पायावर पिसासारखे केसांचे झुबके, कोणाच्या पुढच्या पावलाचे टोक चपटे आणि काळे, कोणाच्या पंखाच्या कडेला जाड गाठ. ‘प्लुमिपेस’ या जातीचे नावच ‘पिसाळ पायांची’ अशा अर्थाचे आहे. हे अलंकार मादीसमोर मिरवण्यासाठी असतात. नराच्या पोटाखाली दुमडलेले मोठे जननांग आणि त्याच्या टोकाच्या पाकळ्यांचा आकार हा तर शेवटचा निर्णायक पुरावा, जणू सहीचा नमुना.

मादीला यातले फारसे काही नाही. ती साधी. त्यामुळे अनेक जातींच्या माद्या एकमेकींपासून ओळखणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. हे वर्गीकरण मुख्यतः नरांच्या दागिन्यांवर उभे आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही; पण विचार केला तर ती लहान नाही.

नावांचाही घोळ आहेच. लिनियसने १७५८ मध्ये ‘मुस्का उंगुलाटा’ म्हणून नोंदलेली माशी आणि स्वीडनच्याच द गेरने १७७६ मध्ये ‘एनियस’, म्हणजे काशाच्या रंगाची, म्हणून वर्णिलेली माशी या दोन्ही एकच निघाल्या. एकाच आसामीची दोन खाती. अशा वेळी नियम सरळ आहे: जी नोंद आधीची ती खरी, नंतरची रद्द, मात्र रद्द झालेले नाव खोडून टाकायचे नाही, पहिल्या नावाखाली त्याची नोंद कायम ठेवायची. वाद मिटवायचा तर मूळ नमुना काढून पाहावा लागतो. लोवने वर्णिलेल्या अमेरिकन माश्यांचे मूळ नमुने आजही हार्वर्डच्या संग्रहालयात टाचणीला टोचलेले आहेत. दस्त जपून ठेवला म्हणून दीडशे वर्षांनंतरही तपासणी होऊ शकते.

गेल्या काही दशकांत जनुकीय तपासणी आली आणि वाटले, आता सगळा ताळा जुळेल. तो जुळला नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय शोधनिबंधाच्या शीर्षकाचा प्रारंभच ‘फसवे पाय’ अशा अर्थाचा आहे; रेणूंची साक्ष आणि शरीराची ठेवण यांत मेळ बसत नाही, असे तो सांगतो. जे पाय पाहून शतकभर घराणी ठरवली, त्या पायांवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न उभा राहिला.

इतकी उस्तवार एका माशीसाठी कशाला, असे कोणी विचारील. बेल्जियममधील फ्लांडर्स प्रदेशासाठी मार्क पोलेट यांनी २००० मध्ये या माश्यांची धोकासूची प्रसिद्ध केली. या कुलातील पुष्कळ जाती दलदल, वेतवने, ओलसर जंगल यांना चिकटून असतात. पाणथळ जमीन उपसून कोरडी केली, की त्या निघून जातात. पण निघून गेले कोण, हे सांगण्यासाठी आधी तेथे कोण होते याची नोंद हवी. नाव नसलेल्याची अनुपस्थिती कोणत्याही वहीत चढत नाही.

आणि तरीही ही नोंद कशी होते, हे लपवता येत नाही. साबणाच्या पाण्याने भरलेल्या रंगीत ताटल्या दलदलीत ठेवतात. तंबूसारखे जाळे लावून त्याच्या टोकाला अल्कोहोलची बाटली जोडतात. माश्या त्यांत पडतात आणि मरतात, हव्या त्याही आणि नको त्याही. सूक्ष्मदर्शकाखाली मृत नर पाहिल्याखेरीज बहुतेक जाती ठरत नाहीत. छायाचित्रावरून ओळखू येणाऱ्या थोड्याच. दलदल वाचवण्यासाठी दलदलीतलेच जीव मारावे लागणे हे मनाला सलते, आणि अभ्यासाच्या उपयुक्ततेने तो सल पुरता जात नाही. निदान एवढे व्हावे, की एकदा गोळा केलेले वाया जाऊ नये. आता एका वाळलेल्या पायातूनही जनुकीय माहिती मिळवता येते, त्यामुळे जुन्या संग्रहांना नव्याने प्रश्न विचारता येतात.

त्या जुन्या खणांत टाचण्यांच्या रांगा आहेत. नरांच्या टाचण्यांखाली बहुधा पूर्ण नाव असते, लावणाऱ्याचे आणि वर्षाचे. माद्यांच्या रांगेत मात्र पुष्कळ चिठ्ठ्यांवर गाव, तारीख आणि पुढे इतकेच: डोलिकोपस, मादी, जात अनिश्चित.