दोन महिन्यांचा गाळा

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४, बीड

आज ठरवलं, घरात बसून दुकानदारांचे हिशेब करायचे नाहीत. सकाळी सुभाष रोडचे दोन कापडवाले एकाच वेळी आले. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर येते तर एक शेठ दिवाणावरच्या गठ्ठ्यातलं वरचं बिल वाचत होते. ते बिल शेजारी बसलेल्याचं होतं. सुरतेहून आलेला माल, मीटरचा भाव, उधारीचे दिवस, सगळं त्यात. त्यांनी मुद्दाम वाचलं असं मी म्हणणार नाही. डोळ्यासमोर पडलेलं होतं, वाचलं. ते तिथं पडलं, ही चूक माझी. व्यापारी आपला खरेदीचा भाव सख्ख्या भावाला सांगत नाही, तो माझ्याकडं विश्वासानं आणून देतो.

जीएसटी आला त्या जुलैपासून, म्हणजे २०१७ पासून, हे काम करते आहे. घर दोन खोल्यांचं. कुणी आलं की आईंना पोथी घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागतं. त्या कधी बोलल्या नाहीत, पण सात वर्षं त्यांना उठवते आहे.

बारा महिन्यांचं ऑफिस मला झेपणार नाही आणि लागतही नाही. आतापासून डिसेंबरअखेरपर्यंत जागा मिळाली तरी पुष्कळ. ३१ ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांची आयकर विवरणपत्रं, दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न, ३० नोव्हेंबरला मागच्या वर्षाचं राहिलेलं जीएसटी क्रेडिट घ्यायची मुदत, ३१ डिसेंबरला वार्षिक रिटर्न. माणसांची खरी वर्दळ एवढ्याच दिवसांत.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

चार दिवसांत सहा गाळे पाहिले. मोंढा, जालना रोड, बार्शी नाका. दोन महिन्यांसाठी म्हटलं की मालक शटर ओढायलाच लागतात. अकरा महिन्यांच्या खाली बोलायची कुणाची तयारी नाही, वर डिपॉझिट पन्नास हजार. त्यात मंगळवारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला. रस्त्यावरचा प्रत्येक रिकामा गाळा आता प्रचार कार्यालयासाठी राखून ठेवलाय. "ताई, मतदान होस्तोर काही विचारू नका," एका मालकांनी सांगून टाकलं. महिन्याभरात त्यांना माझ्या चार महिन्यांचं भाडं मिळणार. त्यांचं चुकतंय असं नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी भाडं जमत होतं. मग मालक म्हणाले, "करार मिस्टरांच्या नावानं करू." मी म्हटलं, काम माझं, पॅन माझं, भाडं माझ्या खात्यातून येणार, सही माझीच राहील. ते "बघू" म्हणाले. तो गाळा मी सोडला. नाव दुसऱ्याचं घालून मिळालेली जागा मला माझी वाटली नसती.

कराराची गोष्ट निघाली की "नोटरी करून टाकू" हे ठरलेलं. भाडे नियंत्रण कायद्याचं (१९९९) कलम ५५ काढून दाखवावं लागतं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. बुधवारपासून शंभरचा बॉण्ड चालत नाही, पाचशेचा लागतो, याच्यावर मात्र सगळे घडाघडा बोलतात.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

तूर्त अभ्यासिकेत खुर्ची घेतली. महिना आठशे. मोठ्या शहरांत यालाच को-वर्किंग म्हणून कितीतरी पैसे घेतात. आपल्याकडं ही सोय स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी कधीचीच करून ठेवली आहे. बाहेर चपलांच्या रांगा. आत प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक ट्यूब, एक प्लग, समोर महाराष्ट्राचा नकाशा. वायफाय आहे, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. पान उलटल्याचाही आवाज येतो. दिवसभरात चार फर्मची बिलं चढवली. घरी तीन दिवस लागले असते.

पण फोन आला की दोन मजले उतरून खाली. आणि रस्त्यात उभं राहून कुणाच्या उलाढालीचा आकडा कसा सांगायचा? "संध्याकाळी सांगते," एवढंच म्हणत राहिले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आयकराची मुदत १५ नोव्हेंबरपर्यंत वाढली. अभ्यासिकेच्या जिन्यातच वाचलं आणि तिथंच पायरीवर बसले.

दुपारी किराणावाले काका भेटले. त्यांचा गाळा भाड्याचा आहे. मालकाकडं जीएसटी नंबर नसेल तर १० ऑक्टोबरपासून भाड्यावरचा १८ टक्के कर नंबर असलेल्या भाडेकरूनं भरायचा आहे. काका जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, त्यामुळं त्याचं क्रेडिटही नाही. भाडं आठ हजार, म्हणजे महिन्याला १,४४० रुपये खिशातून. हे मी त्यांना चहाच्या गाड्यावर उभं राहून समजावलं. त्यांचा चेहरा उतरलेला आजूबाजूच्या चार माणसांनी पाहिला. फार वाईट वाटलं. अशी गोष्ट माणसाला बसवून, दार लोटून सांगायची असते.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. वह्यांशेजारी लॅपटॉप ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. आईंनी विचारलं, जागेचं काय झालं? पहिल्यांदाच विचारलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

माझ्या बाजूच्या कप्प्यातली पोर आज उशिरा आली. पोलीस भरतीची तयारी करते, केज तालुक्यातली. आईवडिलांना ट्रॅक्टरवर बसवून आली होती. १५ तारखेला उसाचं गाळप सुरू, तोडणीच्या टोळ्या निघाल्या. मुकादमाची उचल घेतलेली, आता हंगाम संपेपर्यंत दोघं कारखान्यावर कोपीत राहणार. माझी जागेची धावपळ तिला माहीत आहे. म्हणाली, "मॅडम, आमचं घर आता सहा महिने कुलपातच हाय. पण तुमचे दुकानदार गावापस्तोर कशाला येतेत?" तिनं हे मनापासून सांगितलं. कुलूप लावल्यावर किल्ली शेजारच्या काकूंकडं दिली, तेही सांगितलं. मग पुस्तक उघडून बसली.

संध्याकाळी तहसीलजवळचे एक दस्तलेखक तयार झाले. त्यांच्या गाळ्याचा मागचा अर्धा भाग रिकामा आहे, मध्ये लाकडी पार्टिशन, त्याला दार. महिना अडीच हजार, ३१ डिसेंबरपर्यंत. मी एकच अट घातली: ते स्वतः भाडेकरू आहेत, तेव्हा मूळ मालकाची लेखी संमती हवी. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर उद्या त्यांचीच जागा जायची. तीस वर्षं लोकांचे करार लिहिणारा माणूस. क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, ताई."

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मालकांची संमती आली, करार माझ्या नावानं झाला. सकाळी जागा झाडून घेतली. एक टेबल, दोन खुर्च्या, जुनं लोखंडी कपाट. कपाटाचं कुलूप नवीन घेतलं.

पहिले आले ते सुभाष रोडचे शेठ, ज्यांचं बिल त्या दिवशी वाचलं गेलं ते. त्यांना मी तेव्हाच सगळं सांगून टाकलं होतं. बिलं घेतली, मोजली, पावती दिली, कपाटात ठेवून कुलूप लावलं. ते बघत होते.

"किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं."

"दुसरी?"

"तीही माझ्याकडंच."

ते उठले, पार्टिशनचं दार लोटलं, परत येऊन बसले. पिशवीतून आणखी एक पाकीट काढलं. बँकेच्या कर्जाचे कागद होते. सात वर्षांत मला कधी दाखवले नव्हते.