कोलशेत ते दुर्गाडी : खाडीकाठचा नौदलमार्ग

ठाणे स्थानकाहून कापूरबावडी नाका ओलांडून कोलशेत रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना उंच इमारतींच्या रांगा लागतात आणि वाटेत हवाई दलाचे केंद्रही येते. परंतु उल्हास नदीच्या खाडीलगतचे कोलशेत हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहराबाहेरचे खेडे होते आणि तेथेच ‘एचएमआयएस अकबर’ हे तत्कालीन भारतीय नौदलाचे प्रशिक्षण केंद्र उभे होते. ‘एचएमआयएस’ म्हणजे ब्रिटिश राजाचे भारतीय जहाज. जमिनीवरच्या केंद्राला जहाजाचे नाव देण्यामागे नौदलाची जुनी प्रथा आहे : किनाऱ्यावरील तळही रीतसर जहाज म्हणूनच सेवेत दाखल केला जातो आणि तेथील माणसे जहाजावर असल्याप्रमाणेच वागतात.

या प्रथेमुळे खेड्यातील नौदलतळावरच्या दिनक्रमाला जी गंमत येते, ती निवृत्त नौसैनिकांच्या आठवणींत युद्धप्रसंगांइतकीच आवडीने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. तळावरची फरशी ‘डेक’ ठरते, स्वयंपाकघर ‘गॅली’ ठरते आणि फाटकाबाहेर बाजारात जायचे असले तरी खलाशी ‘किनाऱ्यावर’ जाण्याची परवानगी, म्हणजे ‘लिबर्टी’, मागतो. दिवस चार-चार तासांच्या पहाऱ्यांत विभागलेला असतो. त्यांपैकी सायंकाळी चार ते आठचा पहारा दोन-दोन तासांचे दोन भाग करून राखतात, जेणेकरून पहाऱ्यांची संख्या सात होते आणि एकाच तुकडीच्या वाट्याला रोज तीच वेळ येत नाही. समुद्र कधीच न पाहिलेल्या देशावरच्या शेतकरी कुटुंबांतील मुलांना ही शिस्त अंगवळणी पाडण्यासाठी अशा तळांचा मोठा उपयोग झाला. कल्याणहून पुण्याच्या गाडीने बोरघाट चढून गेल्यावर लागणारे लोणावळ्याचे ‘शिवाजी’ हे तर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांवरचे ‘जहाज’ असून, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सेवेत दाखल झालेल्या या केंद्रात आजही नौदलाचे अभियांत्रिकी शिक्षण दिले जाते.

‘अकबर’चे नाव इतिहासात येते ते १९४६च्या नाविकांच्या उठावामुळे. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’वर सुरू झालेला संप कोलशेतपर्यंत पोहोचला आणि २३ फेब्रुवारीला तो मागे घेण्यात आला.

बाळकुमवरून कशेळीचा पूल ओलांडला की गोदामांचा आणि अवजड वाहनांचा भिवंडी परिसर सुरू होतो. त्यात रेंगाळण्यासारखे फारसे नाही. कोनगाव मागे टाकून खाडीपुलावर आल्यावर मात्र कल्याणच्या काठावरचा दुर्गाडी किल्ला समोर येतो आणि प्रवासाचा काळच तीन शतके मागे सरकतो. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यानंतर येथील खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. तोफा वाहणारी, दोन-तीन डोलकाठ्यांची गुराब आणि वल्ह्यांनी वेगाने हाकता येणारे हलके गलबत ही मराठी आरमाराची मुख्य जहाजे होती. आरंभीच्या बांधणीसाठी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराची मदत घेण्यात आली होती, पण पोर्तुगीज अधिकाऱ्यांना या आरमाराची धास्ती वाटू लागल्याने त्याला काम अर्धवट सोडून जावे लागले. त्यानंतरही आरमार वाढत गेले, यावरून येथील कारागिरांची योग्यता ध्यानात येते.

१९९८ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘टी-८०’ ही वेगवान गस्ती नौका निवृत्तीनंतर याच दुर्गाडीच्या परिसरात स्मारक म्हणून आणण्यात आली आहे. हे स्मारक पुढे विस्तारताना त्यात कोलशेतच्या ‘अकबर’लाही जागा मिळावी आणि तेथे उठावाच्या तारखांसोबत गॅलीतला स्वयंपाक, पहाऱ्यांचे वेळापत्रक आणि ‘लिबर्टी’साठी लागणारी रांग हेही दाखवले जावे, कारण या खाडीकाठी नोकरी केलेल्या सामान्य खलाशाचे आयुष्य बहुतांशी त्यातच गेले.