शेंड्याचं वय

केस गळतायत म्हटलं की शंभर जणी उपाय सांगायला धावून येतात. केस तुटतायत म्हटलं, तरी तेच शंभर उपाय सांगतात. कांद्याचा रस, जास्वंद, माका, कोरफड. आणि सगळं टाळूला चोळायचं. माझी टाळू ठणठणीत होती. पन्नाशी ओलांडताना जे बिघडलं ते मानेच्या खाली. काळ्या ब्लाउजच्या पाठीवर बोटभर लांबीचे तुकडे, वेणीतून जागोजागी बाहेर डोकावणारी आखूड टोकं, आणि शेपटा इतका बारीक की रबर कितीही वेढे दिले तरी घसरून खाली. जाऊबाईंनी एका लग्नात चारचौघींत विचारलं, "काय गं, उंदराची शेपटी झाली की तुझी!" त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मात्र बरेच दिवस होतं.

मी राहते लालबागला, शिकवते दादरच्या एका शाळेत. परळचं केईएम वाटेवरच. तिथल्या त्वचाविकार ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने आधी डोकं बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरचे दोन-चार केस उचलून पांढऱ्या कागदावर ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, बघा, एका टोकाला पांढरा गोंडा दिसतोय का?" दिसत नव्हता. मुळापासून गळलेल्या केसाला तो बारीक गोंडा असतो. माणसाचे रोज 50 ते 100 केस असे गळतात आणि त्यात काळजीचं काही नसतं. माझे केस दोन्हीकडून भुंडे होते, म्हणजे मधेच तुटलेले. मग तिने भिंग दिलं. केसावर मधे मधे पांढरे ठिपके, आणि ठिपक्याशी केस किंचित वाकलेला. त्या जागी वरचे खवले उडून आतले धागे पिंजारले होते. बोटाने हलकेच ताण दिला तर तिथेच तुटला. कोंडा समजून मी ज्यांच्यासाठी शाम्पू बदलत होते, ते हे ठिपके.

ती पुढे जे बोलली ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. माझे कमरेपर्यंत, म्हणजे शेंडा पाचेक वर्षांचा. आम्ही बोलत होतो 2024 च्या दिवाळीनंतर. म्हणजे माझ्या वेणीचं टोक टाळूतून बाहेर आलं ते कोरोनाच्या टाळेबंदीच्या आसपास. पार्लर बंद होती तेव्हा घरच्या घरी पुडी कालवून जो रंग लावला, तो याच केसाने सोसला. पुढच्या प्रत्येक रंगाच्या वेळी मुळाशी लावता लावता उरलेला रंग मी वाया नको म्हणून शेंड्यापर्यंत ओढत होते, तोही यानेच. रंगातला अमोनिया खवले उघडतो, पेरॉक्साइड आत शिरून मूळचा रंग काढतो; दर खेपेला थोडी साल जाते. बाहेर आलेला केस मेलेला असतो, त्यात रक्त नाही की जिवंत पेशी नाही. त्याची जखम भरून येत नाही. टाळूला कितीही माका चोळा, पाच वर्षांच्या शेंड्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता वयाचं. भारतातल्या बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीला जाते. माझी रेंगाळली, आणि जाताना भरपूर रक्त घेऊन गेली. इस्ट्रोजेन उतरलं की केस वाढण्याचा काळ आखडतो, नवा केस बारीक येतो, टाळूचं तेलही कमी सुटतं. थायरॉइड मंद असला तरी केस असेच कोरडे, ठिसूळ होतात, म्हणून तो तपासला. तो बरा निघाला. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, मात्र तळाला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळीच्या आगेमागे चहा नाही अशी ताकीद, कारण चहा लोह शोषू देत नाही. शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीचा चहा सोडणं हे या सगळ्या उपचारातलं सर्वात कठीण पथ्य होतं, हे मी शपथेवर सांगेन.

माझं माहेर गिरगावात, ठाकूरद्वारजवळच्या चाळीत. रविवारी न्हायचं म्हणजे शनिवारी रात्री आई आम्हा बहिणींना ओळीने बसवून डोक्यावर खोबरेल थापायची. "मुळं पोसली जातात," हे तिचं कारण. कारण चूक, काम बरोबर. केस भिजला की फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि दर वेळी खवले थोडे सुटतात. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ बांध्याचं, म्हणून ते केसाच्या आत शिरतं आणि पाण्याला फार आत येऊ देत नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातलं प्रथिन कमी झडतं, बाकीच्या दोघांनी तसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष. खोबरेल विकणाऱ्यांनीच खोबरेलाची शिफारस करावी, याला मी आधी नाक मुरडलं. पण डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या, फक्त जागा बदलून: "टाळूला नको, मॅडम, शेंड्यांना लावा. आणि न्हाण्याआधी."

आईचं बाकीचं न्हाणं मात्र मला सोडावं लागलं. शिकेकाई कितीही बारीक दळून आणली तरी तिचा रवा राहतोच, आणि तो तुटक्या केसावर चोळणं म्हणजे उरलेले खवलेही खरवडून काढणं. उकळून, फडक्यातून गाळून फक्त टाळूला लावली तर चालते. माझ्या कोरड्या केसांना तीही फार झाली, म्हणून सौम्य शाम्पू आणि मागून शेंड्यांना कंडिशनर. दुसरी सवय पंच्याची. न्हाऊन आल्यावर वाकून, केस पुढे घेऊन पंच्याने फटाफट झटकायचे. त्या आवाजाशिवाय न्हाण्याला पूर्णता नाही असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. ओला केस सगळ्यात कच्चा असतो. आता जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळून पाणी टिपते आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत जाते. शाळेच्या दिवशी न्हातच नाही. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालून लोकलच्या गर्दीत, शेजारणीच्या पर्सचा पट्टा त्यात अडकलेला, हे वर्षानुवर्षं केलं. आता न्हाणं शनिवार-रविवारवर ढकललंय.

दरम्यान एका पार्लरमध्ये मला "केराटिन" सुचवलं गेलं. केस प्रथिनाचाच, मग प्रथिन भरलं की झालं, असं त्या मुलीचं सरळ गणित. प्रत्यक्षात अशा अनेक द्रवांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायनं असतात, आणि वरून इस्त्री फिरते ती 200 अंशांच्या आसपास. चकाकी येते, हे खरं. पण ज्याचे खवलेच उडालेत त्याला इस्त्री कशाला? मी फक्त कापायला सांगितलं. खांद्यापर्यंत.

हे आईला सांगायला धीर लागला. ती चाळीत वाढली तेव्हा तिथे एक विधवा पणजीआजी होत्या, लाल आलवणातल्या, डोकं तासलेल्या. न्हावी आला की आतल्या खोलीचं दार लागायचं, एवढं तिला आठवतं. सवाष्णीने केसाला कात्री लावायची नाही हा तिचा हट्ट त्या बंद दारातून आलेला आहे, अशी माझी समजूत. ती म्हणते, तसं काही नाही, वाईट दिसतं. मी तिला लोखंड्यांची गोष्ट सांगितली. नारायण मेघाजी लोखंडे आम्हा लालबाग-परळवाल्यांना माहीत ते 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारणारे म्हणून. पण 1890 मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांची डोकी भादरणार नाही असं ठरवलं, त्यामागेही तेच होते. वस्तरा ज्याच्या हातात, त्यानेच नाही म्हणायचं. आई ऐकून गप्प बसली, मग म्हणाली, "आमच्या वाडीत नाही आली ती सभा." आणि थोड्या वेळाने, "काप बाई. पण मानेच्या वर नको."

कापलेले शेंडे पार्लरच्या फरशीवर पडले तेव्हा पाहिलं, टाळेबंदीतला तो तांबूस रंग अजून तसाच होता.

रंग मी सोडलेला नाही. पांढरे केस मिरवणाऱ्या मैत्रिणी आहेत, त्यांना शोभतात. मला नववीच्या वर्गासमोर काळेच बरे वाटतात. आता ब्रशने फक्त मुळाशी लावते, उरलेला सरळ मोरीत. नवे केस अजून बारीकच येतात, ते वयाचं आहे आणि राहील. पण टोकाशी तुटत नाहीत. काळे ब्लाउज पुन्हा कपाटाच्या पुढच्या रांगेत आले.

प्रश्न उरला पाडव्याचा. 2025 चा पाडवा 30 मार्चला, आणि गिरगावच्या शोभायात्रेत माहेरच्या बायकांबरोबर नऊवारीत जायचं म्हणजे खोपा हवा. जाऊबाई मला दादरला घेऊन गेल्या, गंगावन घ्यायला. दुकानदाराने नायलॉनचं आणि खऱ्या केसांचं असं दोन्ही काढून ठेवलं. खऱ्याची किंमत ऐकून जाऊबाईंनी त्याला लग्नघरातल्यासारखं फैलावर घेतलं, आणि घेतलं. घरी बांधून पाहिलं तर माझ्या उरलेल्या केसांवर त्याचा भार नको इतका. कानामागची कातडी ओढली जायला लागली. शेवटी यात्रेत मी फेटा बांधून गेले. तिथे बुलेटवरच्या अर्ध्या पोरी फेट्यातच होत्या, त्यामुळे कोणी वळूनही पाहिलं नाही. गंगावन जाऊबाईंनी नेलं. त्यांचा स्वतःचा शेपटा चांगला मनगटाएवढा आहे, तरी लग्नसराईत ते त्यांच्याच डोक्यावर होतं, आणि अर्धे पैसे अजून त्यांच्याकडून यायचे आहेत.