बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांत चार दिवस

लेखाचें शीर्षक वाचून कित्येक घरांतील वडील माणसांच्या कपाळावर आठ्या पडतील, हें मी जाणून आहें. ज्यानें चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें आणि ज्याच्या घरांत चहापलीकडे कसलेंहि व्यसन नाहीं, अशा शिक्षकानें उतारवयांत फ्रान्समधील मद्याच्या प्रदेशाची यात्रा करावी व वर तिचें वर्णन कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहावें, हा प्रकार चमत्कारिक दिसतो खरा. तेव्हां आरंभींच सांगतों कीं, त्या चार दिवसांत मद्याचा एक थेंबहि माझ्या पोटांत गेला नाहीं; आणि तरी ती यात्रा व्यर्थ झाली असें मला वाटत नाहीं.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. “बाबा आणि काका, दोघेहि मे महिन्यांत या; बर्गंडीचे मळे पाहूं,” असें त्यानें कळविलें. दोघांना एकत्र बोलावण्यांत त्याचा हेतु होता. आमच्या वडिलोपार्जित मळ्याची वांटणी होऊन नऊ वर्षें झालीं होतीं. तेव्हांपासून आम्हां बंधूंचें बोलणें सणावारापुरतें उरलें होतें, आणि अलीकडे तर बांधावर तारेचें कुंपण घालण्याचें ठरून त्याचे खांबहि येऊन पडले होते. मी जावें कीं न जावें या विचारांत असतां, “पाहा पाहिजे तितकें, पण पिऊं नका म्हणजे झालें,” असें म्हणून आमच्या घरांतून परवानगी मिळाली.

निघण्यापूर्वीं संवयीप्रमाणें जुनीं पुस्तकें चाळलीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटलें असून, त्याचीं कापिशायन व हारहूरक हीं नांवें त्याच्या देशावरून पडलीं असें सांगितलें आहे. कापिशी नगरीवरून ‘कापिशायन’ हा शब्द साधण्याकरितां तर पाणिनीनें स्वतंत्र सूत्रच रचलें. ही कापिशी म्हणजे अफगाणिस्तानांतील आजच्या बेग्रामचा परिसर. मद्यास फळाचें नांव न देतां भूमीचें नांव देण्याची ही रीत मला केवळ व्याकरणांतील एक उदाहरण म्हणून ठाऊक होती. बर्गंडींत ती प्रत्यक्ष पाहावयास मिळाली.

पॅरिसहून वेगवान आगगाडीनें सुमारें दीड तासांत दिजाँ येतें व तेथून दुसऱ्या गाडीनें अर्ध्या तासाच्या आंत बोन. आम्हीं बोन येथें मुक्काम केला व तोच सोयीचा आहे. दिजाँपासून दक्षिणेस सांतने गांवापर्यंत जवळजवळ ६० किलोमीटर टेकड्यांचा पूर्वाभिमुख उतार पसरलेला आहे. त्यास ‘कोत द’ओर’ म्हणजे सुवर्णाचा उतार म्हणतात. लांबीच्या मानानें त्याची रुंदी अगदींच थोडी. माथ्यावर माती उथळ, तळाशीं ती जड व ओलसर. म्हणून चुनखडीच्या मधल्या पट्ट्यास सर्वांत अधिक मान. तांबड्या मद्याकरितां पिनो न्वार आणि पांढऱ्याकरितां शार्दोने, हीं येथील मुख्य द्राक्षें. परंतु बाटलीवर बहुधा द्राक्षाचें नांव नसतें. गांवाचें किंवा शेताचें असतें. प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र नांव आहे व त्यास ‘क्लिमा’ म्हणतात. असे १२४७ तुकडे मोजले गेले असून २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. आपल्याकडे वडाचें शेत, पाटाखालचा मळा, अशीं नांवें असतात तशींच हीं. भेद एवढाच कीं आपलीं नांवें गट नंबरांत बुडत चाललीं आणि त्यांनीं आपलीं जपलीं.

बोन गांवांत पाहण्यासारखी मुख्य वास्तु म्हणजे तेथील जुनें धर्मार्थ रुग्णालय. निकोला रोलें या प्रधानानें व त्याच्या पत्नीनें तें १४४३ सालीं स्थापिलें. रंगीत कौलांचें त्याचें छप्पर पाहतांच नजर खिळते. दात्यांनीं वेळोवेळीं दिलेले द्राक्षमळे या संस्थेच्या मालकीचे आहेत व त्यांच्या मद्याचा लिलांव १८५९ पासून प्रसिद्ध आहे. तो नोव्हेंबरांत होतो व त्याचें उत्पन्न मुख्यतः रुग्णसेवेकडे लागतें. आपल्या देवस्थानांच्या इनाम जमिनी आठवल्यावांचून राहिल्या नाहींत.

आतां ज्यांस जावयाचें असेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी. मे-जून हे महिने उत्तम. सप्टेंबराच्या सुमारास द्राक्षांची तोडणी असल्यामुळें मळेकऱ्यांस उसंत नसते, आणि ऑगस्टांत पुष्कळ ठिकाणीं सुटी असते. लहान मळेकऱ्यांकडे आगाऊ वेळ ठरविल्यावांचून जाऊं नये. दुपारीं बारा ते दोन कोणी भेटेल अशी आशा धरूं नये. दिवसाला दोन तळघरें पुरेत. चव घेणारानें मोटार हांकूं नये. तेथील कायदा कडक आहे आणि शहाणपणहि हेंच सांगतें. बोनपासून मळ्यांमधून जाणारी सायकलीची सुंदर वाट आहे. तिचा आम्हीं वृद्धांनींहि उपयोग केला. शाकाहारी मंडळींनीं ध्यानांत ठेवावें कीं तेथील पुष्कळ चीज वासराच्या जठरांतील विरजणानें करतात व सूपहि अनेकदां मांसाच्या पाण्यांत शिजवितात; म्हणून विचारून घ्यावें. आम्हीं मेतकूट आणि भाजके पोहे नेले होते, त्यांनीं लाज राखली.

चव घेण्याचा विधि शिस्तीचा असतो. प्याल्यांत दोन घोट मद्य घेऊन पांढऱ्या कागदावर त्याचा रंग पाहावयाचा, वास घ्यावयाचा, प्याला फिरवून पुन्हां वास घ्यावयाचा, मग घोट तोंडांत घोळवून जवळच्या भांड्यांत चूळ टाकावी तसा थुंकून द्यावयाचा. थुंकण्यांत असभ्यता नाहीं; जाणकार तसेंच करतात. बंधूंनीं असें केलें. मीं वासावरच समाधान मानलें. वासानें अर्धें भोजन होतें असें आपल्याकडे म्हणतातच. ओल्या मातीचा, पिकल्या फळांचा, जुन्या लांकडी पेटीचा असे वास ओळखूं आले. मात्र दारूचें प्रमाण कितीहि अल्प असलें तरी तें निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. तें तरुण वाचकांनीं विसरूं नये.

तिसऱ्या दिवशीं आम्ही ‘क्लो द वुजो’ पाहावयास गेलों. १०९८ सालीं स्थापन झालेल्या सीतोच्या मठांतील साधूंनीं हा मळा वाढविला व भोंवतीं दगडी भिंत घातली. फ्रान्सच्या राज्यक्रांतींत तो मठाकडून गेला आणि १८८९ सालीं अनेकांस विभागून विकला गेला. आज त्याच भिंतीच्या आंत सुमारें ५० हेक्टरांत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यानें सर्व मुलांस वारसा मिळूं लागल्यापासून साऱ्या बर्गंडींत अशाच वांटण्या होत आल्या. कित्येकांच्या वांट्यास मोजक्याच ओळी उरल्या आहेत.

तेथें आम्हांस मळा दाखविणारा मनुष्य पन्नाशीचा होता. त्याच्या ओळींना लागून त्याच्या चुलतभावाच्या ओळी होत्या. मध्यें बांध नाहीं कीं तार नाहीं. बंधूंनीं पुतण्यामार्फत विचारलें, “आपलें कोठें संपतें हें कसें कळतें?” तो हंसून म्हणाला, “ओळी मोजून. भिंत सर्वांची एकच आहे.” मद्य मात्र ज्याचा तो निराळें करतो, एकाचें उत्तम तर दुसऱ्याचें सामान्य, आणि नांव दोहोंवर एकच. म्हणून घेणारानें शेताबरोबर करणाराचेंहि नांव पाहावें, असें तो सांगत होता. तुमचें भांडण होत नाहीं काय, असें मीं विचारलें. “होतें तर! पण ट्रॅक्टर वळवावयास त्याचीच जागा लागते,” असें उत्तर मिळालें.

परततांना आम्ही दोघे त्या भिंतीच्या कडेनें चालत होतों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग बंधु म्हणाले, “दादा, पाटाखालच्या मळ्यांत बैलगाडी वळवावयाला आण्णा नेहमीं चिंचेपाशीं जात. ती चिंच आतां तुमच्याकडे आहे.” नऊ वर्षांत त्यांनीं मळ्याचें तें जुनें नांव माझ्यासमोर प्रथमच उच्चारलें. मीं म्हटलें, “मग वळवीत जा कीं. चिंचेनें कोणाचें काय खाल्लें आहे?”

घरीं येऊन आतां पांच महिने झाले. वांटणी मोडलेली नाहीं, मोडण्याचें कारणहि नाहीं. कागद आहेत तसे आहेत. परंतु तार घातलेली नाहीं. बंधूंचा ट्रॅक्टर चिंचेखालीं वळतो. कुंपणाचे खांब गोठ्यामागें पडून आहेत. त्यांतील दोन मीं परवांच कारल्याच्या मांडवाला दिले.